सुटलेली प्रकरणं

खूण पुढे सरकली होती!

आईने दुकानाचं शटर अर्धवटच वर केलं आणि जुना टॅब उजेडात धरला. काल संध्याकाळी तिने पंधरावं प्रकरण ऐकून संपवलं होतं. आता पडद्यावर दिसत होतं, सोळावं संपलं, सतरावं सुरू करा.

"ऐकलंय त्याने!" ती शिलाई मशीनपाशी मटकन बसली. "आहे गं माझा लेक. कुठेतरी आहे."

"ताई, आधी श्वास घ्या," तिच्या दुकानात काज-बटणं करणारी काजवाली म्हणाली. "मग काय रडायचं ते रडा."

लेक अठरा वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी 'मला शोधू नका' एवढीच चिठ्ठी ठेवून गेला. फोन बंद. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, येईल. बाबा म्हणाले, या घरात त्याचं नाव काढायचं नाही. झालं, विषय संपला.

भांडण पेटलं होतं ते ऐकण्यावरूनच. अभ्यासाचे धडे ऐकायला म्हणून बाबांनी ऑडिओबुकच्या अ‍ॅपवर घरच्यांसाठी एक खातं उघडून दिलं आणि दिवट्याने त्यावर दिवसरात्र कादंबऱ्या ऐकल्या! शेवटची होती एका दीपगृहाच्या राखणदाराची, एकतीस प्रकरणांची. तो गेला तेव्हा खूण नवव्यावर होती. साडेतीन महिन्यांनी आईने सहज टॅब उघडला, तर दहावं संपलेलं.

त्या दिवशी तिने अकरावं ऐकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर बारावं झालेलं. तेव्हापासून पाठशिवणीचा खेळच सुरू झाला, एक त्याचं, एक हिचं. खूण एकच, त्यामुळे मागे जाऊन ती हलवायची हिची छाती होत नव्हती. मग गोष्ट कळायची ती एकाआड एक, शेजारणीने अर्ध्यावर सोडलेल्या भांडणासारखी.

मधली भोकं बुजवायला ती 'श्रोत्यांची मतं' उघडायची. तिथे तर बाजारच भरलेला. कुणी म्हणे, वाचणाऱ्याचा आवाज म्हणजे सर्दी झालेला मास्तर. कुणी म्हणे, वेग दीडपट करा, लवकर सुटाल. पुढच्याच आठवड्यात त्या गलक्यात 'वाटसरू' नावाच्या एकाने विचारलं, "सतराव्यात राखणदार किनाऱ्यावर का उतरला? माझं सुटलं." चार दिवसांनी पुन्हा, "एकोणिसावंही सुटलं हो."

आई ताडकन उठली. मांडीवरचा ब्लाऊज खाली पडला. "अगं, याची सुटतात ती सगळी मी ऐकलेली! आमच्याच खात्यावर आहे हा. दुसरं कोण असणार?"

"मग लिहा की, घरी ये म्हणून."

"आई म्हणून लिहिलं आणि पळाला तर? एवढी एक खूण आहे माझ्या हातात."

मत लिहिताना हवं ते नाव टाकता यायचं, म्हणून आईने 'भटक्या' असं टोपणनाव घेतलं. वीस वर्षांचा मुलगा! 'अत्यंत हृदयस्पर्शी प्रकरण' असं तिने लिहिलं, तर काजवालीने कपाळाला हात लावला. "असं कोण बोलतं, ताई? 'कडक' लिहा. आणि मध्ये एकदा 'भावा' टाका."

"सतरावं कडक आहे भावा. राखणदार धाकट्या भावाला शोधायला उतरला, पण हाक मारायचं धाडस झालं नाही. आता तू अठरावं सांग."

वाटसरू सांगायचा. छान सांगायचा, अगदी समुद्राच्या वासासकट. एकदा त्याने लिहिलं, "राखणदार वाईट नाही रे. त्याला बोलता येत नाही, एवढंच."

आईने ते अकरा वेळा वाचलं. पोराने बापाला माफ केलं होतं! रात्री जेवताना तिला राहवेना.

"अहो..."

बाबा कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचे. हल्ली दोनदा हाक मारल्याशिवाय त्यांचं लक्षच जायचं नाही.

"अहो!"

"काय?"

ते रागावले, काही वेडंवाकडं लिहून बसले, तर? "काही नाही," ती म्हणाली. "पाणी देऊ?"

पंचवीस. सव्वीस. आई उरलेली प्रकरणं बोटांवर मोजू लागली. पुस्तक संपलं की धागा तुटला. तिने मुद्दाम दोन दिवस काहीच ऐकलं नाही. खूणही हलली नाही. तिसऱ्या दिवशी वाटसरूने लिहिलं, "भटक्या, बरा आहेस ना?"

"माझी काळजी करतोय गं," ती म्हणाली आणि तिला उलटी शिवण घातल्याचंही कळलं नाही.

तिसावंही संपलं. आता एकच उरलं होतं. आईने दिवसभर टॅबला हात लावला नाही. मग काजवालीने तो तिच्या पुढ्यात आपटला. "आज नाही लिहिलंत तर मी लिहीन. आणि माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीत आहे."

आईने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "शेवटचं एकत्र ऐकूया? वाचनालयामागची बाग. रविवारी चार वाजता." त्याच बागेत तो लहानपणी झोपाळ्यावरून पडला होता. आपला असेल तर ओळखेलच.

दुसऱ्या सकाळी दोनच शब्द. "नक्की येतो."

रविवारी बाबा जेवून लगेच बाहेर पडले, जादा पाळी आहे म्हणाले. बरंच झालं, आईला खोटं बोलावं लागलं नाही. पावणेचारला ती बागेच्या फाटकाशी होती. भेटल्यावर ओरडायचं नाही, विचारायचं नाही, फक्त शेजारी बसायचं, असं तिने स्वतःला शंभरदा बजावलं होतं.

कोपऱ्यातल्या बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. टोपी घातलेलं. एका कानात इअरफोन आणि दुसरा शेजारच्या रिकाम्या जागेवर, अलगद ठेवलेला.

"बाळा," तिच्या तोंडून निघून गेलं.

तो माणूस वळला. बाबा होते. इस्त्रीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी. तिला बघून ते दचकले आणि घाईघाईने तिला झाडामागे जायला खुणावू लागले.

"अगं, तू आत्ता समोर येऊ नकोस, बिचकेल तो," ते कुजबुजले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आपला पोरगा येतोय. शेवटचं प्रकरण माझ्याबरोबर ऐकायचं म्हणालाय."