ज्वारीतली धाप

बंदुकीचा आवाज फॉरेस्टवाल्यांपर्यंत जातो, म्हणून प्रभुदासनं तिरकमठा आणला होता. बाण बरगडीत बसला आणि हरीण बांधापलीकडच्या उभ्या ज्वारीत शिरलं.

"लगेच मागं जायचं न्हाई, दाजी," त्याचा मेव्हणा रॉबिन म्हणाला. "उठून लांब पळतं. धाप थांबली की जायचं."

दोघं बांधावर बसले. सात वाजत आले होते. कर्जतची एसटी येऊन गेली की रस्त्यानं माणसं सुरू होणार होती. आत हरीण धापा टाकत होतं.

प्रभुदासला खोकल्याची उबळ आली. ती दाबायला त्यानं श्वास रोखला. ज्वारीतली धापही थांबली.

"संपलं," म्हणत रॉबिन उठला.

प्रभुदासनं श्वास सोडला. आतूनही सुटला. रॉबिन परत खाली बसला.

प्रभुदासनं पुन्हा श्वास रोखला. आत चिडीचूप. मग त्यानं मुद्दाम दोन श्वास भरभर घेतले. आतूनही भरभर दोनच आले.

"घरी जाऊ," तो म्हणाला. "राहू दे ते."

"बाण तुमचा हाय. गावला तर जेलात जाल." रॉबिननं पिशवीतून कोयता काढला. "तुमी बसा. मी मोकळं करतो त्याला."

"रॉबिन, थांब."

तो थांबला नाही. ज्वारीची ताटं आत आत हलत गेली आणि एका जागी हलायची थांबली. धाप बंद पडली.

"झालं, दाजी," आतून हाक आली. "या आता."

प्रभुदासनं ओ द्यायला तोंड उघडलं, पण श्वास आत आलाच नाही आणि ते तसंच उघडं राहिलं.