सुटे नाहीत

मावशी वीस मिनिटं पावाच्या दुकानासमोर उभी होती, आणि काचेपलीकडच्या खोलीत बसलेला तिचा भाचा मनातून खूश होता.

दुकान पडद्यावरचं होतं. मावशी खुर्चीत टेकून बसली होती, डोळ्यांवर वाचायचा चष्मा, हातात खेळाचा रिमोट. खेळात मात्र ती खांद्यावर भाला टाकून रानोमाळ हिंडणारी शिपाईण होती. राजाच्या कारभाऱ्याचा हरवलेला घोडा तिने शोधून दिला होता आणि त्याबद्दल तिला एक सोन्याचं नाणं मिळालं होतं. ते घेऊन ती गावात पाव घ्यायला आली. दुकानदार म्हणाला, "सुटे नाहीत, ताई."

तेव्हापासून ती तिथेच होती.

भाचा या खेळाचा प्रोग्रामर. कचेरीत त्याला सगळे कात्री म्हणत, कारण नको ते कापून टाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. महिनाभर त्याचा डोळा खेळातल्या नाण्यांवर होता. तांब्याचं, चांदीचं आणि सोन्याचं अशी तीन नाणी कशाला हवीत? शेवटी प्रोग्रामच्या आत सगळा एकच आकडा असतो. खेळणारा येतो राक्षस मारायला, त्याला कशाला हिशेबाला बसवायचं? एक नाणं ठेवा आणि मोकळे व्हा.

नाणी ज्या बाईने घडवली होती तिला गोष्टवाली म्हणत. खेळाची सगळी कथा तिची. तिचं म्हणणं, गाडीवानाची मजुरी आणि राजाची खंडणी एकाच नाण्यात मोजली तर दोघं एकाच जगात राहतात असं कोणाला वाटेल? यावरून दोघांची इतकी जुंपली, की आठ दिवस बोलणं बंद होतं. टेबलं शेजारी, पण निरोप तिसऱ्याच्या तोंडून जायचे.

अखेर मालक वैतागले. शुक्रवारी बाहेरची दहा माणसं खेळ खेळून बघतील, ती नाण्यांपाशी अडखळली तर दोन नाणी काढून टाकायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. नाणी गेली असती तर त्यांच्याबरोबर शहरातला सराफ, टांकसाळीतला चोर आणि गोष्टवालीच्या कथेचा सबंध तिसरा भाग गेला असता. दोन वर्षांचं काम होतं ते.

गुरुवारी दहांतला एक जण आजारी पडला. कात्रीने लगेच मावशीचं नाव सुचवलं. त्यात त्याचा डाव होता. मावशीचं शाळेसमोर वह्या-पेनांचं दुकान. तिने जन्मात असला खेळ हातात धरला नव्हता. ती गोंधळणार, मालक बघणार, विषय संपणार. मावशीला त्याने एवढंच सांगितलं होतं, की मदत हवी आहे. ती दुकान बंद ठेवून आली होती.

बाकीचे नऊ जण कुरकुरत का होईना, नाणं मोडून घ्यायला खेळातल्या शहरात सराफाकडे गेले होते. मावशी हलायलाच तयार नव्हती. कात्रीशेजारी बसलेल्या मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. कात्रीने समोरच्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, 'खेळाडू अडकली.' कोपऱ्यात गोष्टवाली पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. तिने मान वर केली नाही.

मावशीला सोडवायला कात्री आत गेला.

"अडकलीस का गं?"

"छे रे. थांबलेय."

पडद्यावरची नजर न काढता तिने समजावलं. तिच्या दुकानात रोज सकाळी पहिलं पोर मोठी नोट घेऊन येतं. त्याला जरा बाजूला उभं करायचं. मागून चार जण चिल्लर घेऊन येतात, गल्ला जमतो, मग त्याला त्याचे उरलेले पैसे मिळतात. इथेही तसंच असणार म्हणून ती बाजूला उभी राहिली होती. येणारं-जाणारं गिऱ्हाईक मोजत होती.

"पण एकवीस जण पाव घेऊन गेले," ती म्हणाली, "आणि एकानेही पैसे दिले नाहीत. अरे, या गावात माझ्याशिवाय कोणाकडे पैसेच नाहीत."

कात्री पडद्याकडे बघत राहिला. एक म्हातारी आली. हात पुढे, पाव हातात, चालू लागली. मागून लोहार आला. हात पुढे, पाव हातात. ती हालचाल कात्रीनेच बसवली होती. पैसे देण्याचा भाग त्यात होता, पण कोण बघतंय म्हणून त्याने तो कापला होता. वर्षभरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. नाणं एकच असतं, तर आजही आलं नसतं. मावशी पाव घेऊन पुढे गेली असती आणि त्या गावाकडे तिने वळूनही पाहिलं नसतं.

त्याने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. तो म्हणाला, तुझं काही चुकलेलं नाही.

बाहेर येऊन त्याने कागदावरची ओळ खोडली. मावशीचं नाव आपण कशासाठी सुचवलं होतं, तेही मालकांना सांगून टाकलं. तुमचं तुम्ही दोघं ठरवा, एवढंच म्हणून मालक उठले.

कात्रीने खुर्ची ओढली आणि गोष्टवालीसमोर जाऊन बसला.

"तिन्ही नाणी राहू देत," तो म्हणाला. "आधी गावाला पगार सुरू करू."