नसलेला ब्रेक

पुढच्या ट्रकचे मागचे दिवे भक्कन लाल झाले आणि सासऱ्यांचा उजवा पाय खाडकन खाली गेला. तिथे ब्रेक नव्हता, नुसता सपाट पत्रा होता. पायाने तो तीनदा दाबला. तोवर गाडी आपोआप थांबलीही होती, ट्रकच्या मागे जेमतेम हातभर अंतरावर.

सासऱ्यांनी चौतीस वर्षं बस चालवली होती, एक ओरखडा न पाडता. जावई बिनड्रायव्हरच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. “मामा, पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवावं, यावर तुमच्यासारख्या जाणत्या माणसाचं मत हवंय,” असं म्हणून त्यानेच त्यांना चाचणीच्या रस्त्यावर आणलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

उतरून ते शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या जावयाकडे गेले.

“जावईबापू, अंतर फार कमी आहे. पुढचा कधी काय करेल, नेम नसतो. निदान एक बसभर जागा...”

“आत या ना, मामा.”

शेडमध्ये खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. समोर मोठ्या पडद्यावर एक पाय दिसत होता. बुटासकट पत्र्यावर आपटत होता, थांबत होता, पुन्हा आपटत होता. पाहुणे पोट धरून हसत होते. हा पाय कुणाचा, हे सासऱ्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी बूट ओळखला.

“माणसाचा पाय पोचेपर्यंत आपली गाडी थांबून मोकळी होते,” जावई माइकवर सांगत होता. “म्हणून तिला माणसाइतकं लांब राहावं लागत नाही.”

“काका, पत्रा वाकला नाही ना?” एका पाहुण्याने विचारलं. पुन्हा हशा पिकला.

शेवटच्या रांगेत त्यांची लेक होती. तोंडाला रुमाल लावून तीही हसत होती. वडिलांशी नजरानजर झाल्यावर तिने रुमाल खाली घेतला.

ते बाहेर गेले. मागोमाग ती आली.

“बाबा, रागावलात?”

“मला मत विचारायला बोलावलं होतं ना?”

“दुपारी मोठे साहेब येतायत. त्यांना हे समोरासमोर दाखवायचंय. ह्यांची बढती त्यावरच अडलीय. तुम्ही पुन्हा एकदा बसा.”

“आता गाडी थांबणार हे मला माहीत आहे. पाय कसा जाईल?”

“मुद्दाम न्यायचा. मघासारखाच.” तिने त्यांची कॉलर नीट केली. “माझ्यासाठी एवढं करा.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग गाडीचं दार उघडून आत बसले.

साहेब यायच्या आधी तालीम ठरली. ट्रक पुढे निघाला, गाडी त्याच्या पाठीला चिकटली. सासरे समोर बघत होते. ट्रकच्या बाजूच्या आरशात त्यांना ट्रकवाल्याचा खांदा दिसत होता. ब्रेककडे पाय नेताना सरकतो तसा तो खांदा किंचित मागे सरकला.

त्यांचा पाय खाली गेला. मुद्दाम नव्हे, आपसूक. त्यानंतर ट्रकचे दिवे लाल झाले. त्यानंतर गाडी थांबली.

“मामा, लवकर दाबलात,” स्पीकरमधून जावयाचा आवाज आला. “दिवे लागल्यावर दाबायचं. उशीर झालेला दिसला पाहिजे. चला, पुन्हा घेऊ.”