शालनच्या पाटलीचा ओरखडा

हवेत दुरुस्तीची धूळ सोडल्यापासून भिंतींच्या भेगा, फुटके कप, गाड्यांचे पोचे, सारं आपोआप बुजायचं. म्हणून सबनीस आपली जुनी लाल स्पोर्ट्‌स कार तिचं मूळपण जाऊ नये यासाठी प्लास्टिकच्या तंबूत जपत.

आज जुन्या गाड्यांना अस्सलपणाचं प्रमाणपत्र देणाऱ्या तपासनीस बाईंनी गाडीभर यंत्र फिरवलं. "इंजिन मूळचं, सीटचं कातडंसुद्धा मूळचं! कमाल आहे तुमची, सबनीस. फक्त दारावरचा हा ओरखडा गेल्या आठवड्यातला आहे."

"काहीतरीच काय! माझ्या बायकोच्या, शालनच्या पाटलीचा आहे तो. तिला जाऊन बारा वर्षं झाली."

"त्यांचा इथे होता, चार बोटं वर. तंबूत शिरलेल्या धुळीनं तो केव्हाच बुजवलाय."

ओरखडा दर आठवड्याला पुसट व्हायचा आणि दर रविवारी सबनीस शालनचीच पाटली घेऊन तो पुन्हा ओढायचे. म्हातारा हात प्रत्येक खेपेला केसभर खाली उतरत गेला असणार.

"हा तेवढा बुजू द्या, लगेच प्रमाणपत्र देते," असं सांगून बाई गेल्या.

सबनीसांनी चार बोटं मोजून वर हात ठेवला. तिथला रंग कालच दिल्यासारखा गुळगुळीत होता. त्यांनी खिशातून पाटली काढली, पण ती आता टेकवावी कुठे, तेच त्यांना कळेना.