काचेआडची रोवणी

आई गेली तेव्हा मी तिच्या खाटेजवळच्या खुर्चीत झोपले होते. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं असेल, तर मला ते दिसलं नाही.

घरात काहीतरी जिवंत हवं म्हणून मी तळाशी राहणारे मिशीवाले मासे आणले. त्यांच्या मिशा खरचटू नयेत म्हणून रेती मैद्याच्या चाळणीने चाळून काचेच्या टाकीत अंथरली आणि एका कोपऱ्यात पाणवनस्पतींचा झुबका खोचला.

दुसऱ्या सकाळी झुबक्यातली काही रोपं मागच्या काचेलगत सरळ ओळीत उभी होती. मग रोज एक ओळ वाढली, माझ्या दिशेने. मासे ओळींमधून रेती हुंगत संथ फिरायचे.

मुर्रीहून अन्नपूर्णामावशी आली. "काऊन वं, टाकीत धान रोवून राहिली का?"

"मी नाही लावलं, मावशी."

ती वाकली, रोपांचा कल पाहिला आणि तिचं हसू थांबलं. "हा तं तुह्या मायचा हात होय. डावखुरा."

भाताची रोवणी करणारी बाई मागे मागे सरकत येते. तिची पाठच आपल्याला दिसते.

आज शेवटची ओळ पुढच्या काचेला टेकली. पाय बांधाला लागले की आई कंबर सरळ करायची आणि मागे वळून पाहायची.