दोराचं वरचं टोक

नवशाने दोर सोडला, तोंडावर घोंगडी ओढली आणि तो बोंबलत रानात पळाला. आग्या माश्या त्याच्या मागे.

त्याची बहीण आवडी धावली. झाडाच्या खोडाला वेढा दिलेला वेलाचा दोर सरसर सुटत होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला, मुळीला टाचा रोवल्या. दोर थांबला. पेबच्या कड्याखाली, त्या दोराच्या टोकाला तिचा नवरा लडकू लोंबकळत होता.

तेव्हा वाडीत रीतच होती. मध काढताना दोर धरायचा तो बायकोच्या भावाने. सख्खा भाऊ एखाद्या वेळी हात सैल सोडील, पण मेव्हणा आपल्या बहिणीला रांडाव करणार नाही. बाईने मात्र दोराला शिवायचं नाही. शिवली की दोर तुटतो म्हणत. म्हणून आवडी लांब बसली होती.

आता तिचे हात थरथरत होते आणि हातांबरोबर दोरही. ‘मी हाय’ म्हणून ओरडावं, तर बाईच्या हातात दोर आहे हे ऐकूनच लडकू गळाठला असता. भुवईवर एक माशी डसली. लडकू खाली दगडांवर पडलेला तिला दिसू लागला. बोटं सैल पडली.

लग्नाच्या साली तिने त्याला विचारलं होतं, “कड्यावर तुला भ्या नाय वाटत रं?”

तो हसला होता. “वाटतं ना. भ्या लई पुढं पळतं गं, पडल्यावरचं दाखवतं. मंग मी त्याला मागं बोलावतो. हाताला काय लागतंय, नाकाला काय येतंय, कानाला काय येतंय, तेवढंच बघतो.”

हाताला? वेलाची साल. खरबरीत, करंगळीपाशी ओलसर. नाकाला ओल्या पाल्याचा धूर, त्यात मेणाचा गोड वास. कानाला माश्यांची घूं घूं, आणि दूर खाली नेरळला वाफेच्या गाडीची शिट्टी. ओठावर घाम खारट. पुन्हा साल. पुन्हा धूर. हात थांबले. दोरही गप झाला.

खालून हिसका आला. लडकू वर चढू लागला. जेवढा दोर ढिला पडे, तेवढा ती ओढून घेई.

तो कड्यावर आला तेव्हा त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. पाठीवरची मधाची टोपली खाली ठेवून तो धापा टाकत बसला.

“नवशा, लेका, दोर थरथरला तवा वाटलं, गेलो आता. माजेबी हात सुटत व्हते. मंग दोर गप झाला, तवा कुठं मला कड्याचा दगड हाताला लागला.”

त्याने दोर चाचपत हात पुढे नेला. सोललेली बोटं लागली. मग मनगट. मग कथलाच्या बांगड्या.

त्याचा हात तिथेच राहिला. मग त्याने टोपलीतून पोळ्याचा तुकडा मोडला आणि तिच्या तळव्यावर ठेवला.

“पुढल्या खेपंला नवशाला आनू नको.”