सांगायचा अधिकार

कॉट रिकामी होती. गादी मधोमध दुमडलेली, मॉनिटर काळा, वायरी गुंडाळून हुकाला अडकवलेल्या. वकील दारातच थबकला.

घरात त्याला सगळे वकील म्हणत. वकिली तो शिकला नव्हता. विमा कंपनीत क्लेम नाकारायच्या टेबलावर बसत होता. पण लहानपणापासून दुसऱ्याला शब्दात पकडायची खोड, म्हणून वडिलांनीच हे नाव ठेवलं होतं. ते वडील आठवडाभर ह्याच अतिदक्षता विभागात, ह्याच कॉटवर होते.

सिस्टरनं हातमोजे काढले, कपाटातून एक पिशवी आणली आणि त्याच्या हातात दिली.

"सामान तपासून घ्या. नंतर तक्रार नको."

पिशवीत चपला होत्या, येताना अंगात होता तो सदरा होता, घड्याळ होतं. चष्मा आणि मोबाइल तेवढे नव्हते. पडले असतील कुठे. आता त्यांचं काय करायचंय, असं त्याच्या मनात आलं.

"सिस्टर, बाबा..."

"डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. मोकळे झाले की तेच सांगतील. मला सांगायचा अधिकार नाही."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली. वकिलाची मान खाली गेली, कारण ते वाक्य त्याचंच होतं.

चार दिवसांपूर्वी हीच सिस्टर आपणहून त्याला म्हणाली होती, "काळजी करू नका, बाबांना उतार पडतोय." त्याच संध्याकाळी बाबांचा श्वास बिघडला आणि वकिलानं आकाशपाताळ एक केलं. नोंदणीकृत परिचारिकांची अख्खी नियमावली वाचून काढली आणि कलमांसकट तक्रार ठोकली. परिचारिकेनं निदान करू नये. तपासणीचा निष्कर्ष नातेवाइकांना सांगू नये. मृत्यू जाहीर करू नये. ते डॉक्टरांचं काम. वर स्वतःची पुस्तीही जोडली होती: ज्याला अधिकार नाही, त्यानं तोंड उघडू नये.

मृत्यू जाहीर करू नये. ते कलम आठवलं आणि वकिलाला सगळा उलगडा झाला. ही बिचारी बोलणार कशी? तिचं तोंड आपणच शिवलंय.

बाबांना कुठे नेलंय, हे विचारायला जीभ रेटेना. उत्तर ठाऊक असलं की माणूस प्रश्न विचारत नाही.

"सिस्टर, ती तक्रार... चुकलं माझं."

"जाऊ द्या." तिनं रिकाम्या कॉटची चादर ओढून काढली. "मेमो आला, मी खुलासा दिला. पण दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिते. पेशंटलासुद्धा काही सांगत नाही. तुमचे बाबा रोज विचारायचे आणि मी रोज हेच म्हणायचे. पाठ झालं होतं त्यांना. हसायचे."

शेजारच्या कॉटचं यंत्र वाजायला लागलं, तशी ती तिकडे गेली.

वकील बाहेर येऊन बाकावर बसला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. त्याऐवजी मनात एकच शब्द आला: सुटलो. बाबा घरी आले तर त्यांचं करणार कोण, ह्यावरून आठवडाभर नवराबायकोची धुसफूस चालली होती. परवाच तो बाबांच्या नकळत वृद्धाश्रमात नाव घालून आला होता. आता त्याचीही गरज उरली नाही. हे कळलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

त्यानं बायकोला फोन लावला.

"गेले बाबा."

"अगं बाई! डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर अजून यायचेत. सिस्टरला बोलता येत नाही, नियम आहे. पण कॉट रिकामी आहे, सामान माझ्या हातात दिलंय. आणखी काय राहिलं?"

तिनं पलीकडे दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाली, "ते आश्रमाचं कुणाला बोलू नका हं."

"कशाला बोलतोय!"

"आत्यांना मी लगेच कळवते. सख्खी बहीण आहे, उशिरा कळलं तर जन्मभर ऐकवतील."

फोन ठेवला आणि त्यानं पिशवीतला सदरा बाहेर काढला. त्याला बाबांच्या तंबाखूचा वास होता. आता मात्र त्याला रडू आवरेना. बाबा, एकदा उठा, तो मनात म्हणत राहिला. घरी नेतो. सगळं मी करतो. आश्रमाचं नावसुद्धा काढणार नाही.

"अहो, तुम्ही इथे काय करताय?"

डॉक्टर समोर उभे होते, टोपी हातात घेऊन. "जनरल वॉर्डात हलवलंय सकाळीच. रिपोर्ट उत्तम आहेत, दोन दिवसांत घरी न्या. खाली काउंटरवर कळवलं होतं, निरोप तुमच्यापर्यंत पोचला नाही वाटतं. सिस्टरनं नाही सांगितलं?"

वकिलानं सदरा पिशवीत कोंबला.

"नाही. त्यांना अधिकार नव्हता."

तो जिन्यानं धावत सुटला. निम्म्या जिन्यात आनंद झाला आणि उरलेल्या जिन्यात फोन आठवला. बायकोचा नंबर लागेना. आत्याचाही लागेना.

बाबा खिडकीजवळच्या कॉटवर उशीला टेकून बसले होते. डोळ्यांवर चष्मा, हातात मोबाइल. वकील पिशवी छातीशी धरून त्यांच्या पायाशी उभा राहिला.

"तुझ्या आत्याचा फोन होता," बाबा म्हणाले. "तिला खरं वाटेना, म्हणून माझाच नंबर लावला तिनं. मी हॅलो म्हटलं तर किंचाळली. मग विचारते, दादा, तू गेलास म्हणतात, खरं का रे?"

वकिलाला वर बघवेना. "मग... तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार, वकीलसाहेब? म्हटलं, मला अधिकार नाही. ज्यानं जाहीर केलंय, त्यालाच विचार."